सोडलेला कावळा पुन्हा खाली सापडतो, तेव्हा काय तपासायचं?

नागपुरात एप्रिल लागला की जुलैपर्यंत, आणि मग संक्रांतीच्या आगेमागे, एकच तक्रार सारखी कानावर येते. "दादा, परवा सोडलेला कावळा आज परत कंपाउंडमध्ये खाली बसलाय. उडतच नाही." फोन करणाऱ्यानं सगळं मनापासून केलेलं असतं. पक्ष्याला खोक्यात ठेवलं, पाणी पाजलं, दूध-पोळी भरवली, दोन दिवसांनी गच्चीवरून उडवलं. तो समोरच्या कडुनिंबापर्यंत गेलाही. आणि आता तो कुणाच्यातरी गाडीखाली बसलेला असतो.

अशा वेळी बहुतेक जण तीच फेरी पुन्हा करतात. पुन्हा खोका, पुन्हा पाणी, पुन्हा गच्ची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पक्षी दगावतो आणि "कावळे जगतच नाहीत" असा समज पक्का होतो. खरं तर कावळा फार चिवट पक्षी आहे. तो पुन्हा खाली येतो त्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते न शोधता केलेली प्रत्येक सुटका त्याच्या अंगातली उरलीसुरली ताकद संपवते. म्हणून पुन्हा सापडलेल्या पक्ष्याला "उडतो का बघू" म्हणून हवेत फेकू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठिकाणी ठेवा आणि मग एकेक शक्यता तपासा. सगळ्यात जास्त वेळा जे राहून जातं, ते मी आधी घेतलंय.

पहिला प्रश्न: हा तोच पक्षी आहे का?

कावळ्याच्या घरट्यात साधारण तीन ते पाच अंडी असतात आणि पिल्लं एकाच दिवशी खाली येत नाहीत. त्यामुळे सोमवारी उचललेलं पिल्लू आणि गुरुवारी त्याच झाडाखाली सापडलेलं पिल्लू ही भावंडं असण्याची शक्यता भरपूर असते. कावळे आपल्याला सारखेच दिसतात. उचललेल्या प्रत्येक पक्ष्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चोच बाजूनं, दोन्ही पाय आणि पसरलेले दोन्ही पंख. तुटकं नख, एखादं पांढरट पीस, चोचीवरचा ओरखडा यावरून लगेच कळतं. ही साधी सवय नसल्यानं कितीतरी वेळा आधीच्या पक्ष्याचं "निदान" पुढच्या पक्ष्यावर लादलं जातं.

दुसरा प्रश्न: तो मुळात जखमी होता का?

घरटं सोडणारं पिल्लू नीट उडत नसतं. तीन-चार आठवड्यांचं झालं की ते फांदीवर येतं, तोल गेला की खाली पडतं, काही दिवस कुंपणावर आणि झुडपांत उड्या मारत काढतं. तोपर्यंत ते आकारानं जवळपास मोठ्या कावळ्याएवढं झालेलं असतं, म्हणूनच लोकांना वाटतं की मोठा कावळा पंख मोडून पडलाय. डोळे पाहा. पिल्लाचे डोळे करडे-निळसर असतात, मोठ्याचे गडद तपकिरी. पिल्लाच्या चोचीच्या कोपऱ्यात गुलाबी मांसल कड असते, तोंड आतून लालसर गुलाबी दिसतं आणि शेपूट आखूड असते.

असं पिल्लू तुम्ही दोन दिवसांनी गच्चीवरून सोडलंत तर ते पुन्हा खाली येणारच, कारण त्याचं उडण्याचं वयच झालेलं नाही. त्यातून तुम्ही ते धरमपेठेतून उचलून त्रिमूर्तीनगरातल्या आपल्या घराजवळ सोडलं असेल तर आणखी वाईट. खाली आलेल्या पिल्लाला आई-बाप पुढचे कित्येक आठवडे भरवत असतात आणि ते आई-बाप धरमपेठेतच राहिले.

उपाय एकच, आणि तो फार चांगला चालतो: पिल्लू त्याच झाडावर परत. उंच चढायची गरज नाही. बांबूची जुनी टोपली किंवा तळाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या, आत सुकी पानं आणि काड्या टाका, आणि माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, कुत्र्या-मांजरांना सहज पोहोचता येणार नाही अशा फांदीला घट्ट बांधा. पिल्लू त्यात ठेवा आणि तिथून निघून जा. खिडकीतून बघा, झाडाखाली उभं राहून नाही, कारण तुम्ही दिसत असाल तोवर आई-बाप पिल्लाकडे न येता तुमच्याच डोक्यावर झडप घालतील. सोबत छत्री असू द्या. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज सोडून द्या. कावळे हात लागलेल्या पिल्लाला बिनदिक्कत भरवतात. दोन-तीन तास लांबून पाहूनही कुणीच आलं नाही, तरच पुढचा विचार.

टोपली बांधताना सूर्याचा विचार करा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं आहे आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, हाच नेमका पिल्लं खाली येण्याचा काळ. सकाळी सावलीत असलेली फांदी दुपारी तीनला उन्हात येते. टोपलीला पश्चिमेकडून आडोसा हवाच. उन्हानं कासावीस झालेलं पिल्लू टोपलीतून उडी मारतं आणि आपण म्हणतो, पुन्हा पडलं.

झाड परत वापरण्याआधी ते खालून नीट न्याहाळा. कावळे घरट्यात तारा, दोरे, मांजा, प्लास्टिकच्या पट्ट्या सर्रास विणतात. पिल्लाच्या पायाला दोरा गुंडाळलेला असेल तर तो घरट्यातूनच आलेला असतो, आणि परत ठेवलेलं पिल्लू त्यातच पुन्हा अडकतं. एकाच झाडाखाली दर वर्षी पक्षी सापडत असेल तर बहुधा त्या झाडात जुना मांजा लोंबतोय. लांब बांबूला कोयता बांधून किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाच्या माणसांकडून तो काढून घेणं हाच तिथला इलाज आहे.

एक खास नागपुरी उन्हाळ्यातली गफलत इथेच सांगतो. कावळा ज्याला भरवतोय ते पिल्लू कावळ्याचं असेलच असं नाही. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. पिल्लू काळपट, अंगावर पांढरट ठिपके किंवा पट्टे, अंगानं सडपातळ आणि शेपूट लांब असेल तर ते कोकिळेचं. तेही त्याच झाडावर, कावळ्यांकडेच ठेवायचं. ते त्याला वाढवतात. पण मोठा कोकीळ मात्र जमिनीवर सापडला तर नियम उलटा होतो. कोकीळ सहसा जमिनीवर उतरतच नाही, त्यामुळे खाली बसलेला कोकीळ म्हणजे आजारी, उपाशी किंवा कावळ्यांनी झोडपलेला. बरा झाल्यावर त्याला सापडल्या जागीच, कावळ्यांच्या घरट्यासमोर सोडलंत तर ते त्याला पुन्हा खाली आणतील. त्याच भागातलं जवळचंच एखादं दाट झाड, पिंपळ किंवा वड, पहाटेच्या उजेडात निवडा.

उडतो, पण वर चढत नाही

पक्षी मोठा आहे, दोन्ही पंख उघडतात, रक्त नाही, मोडल्यासारखं काही दिसत नाही. सोडला की पंधरा-वीस फूट सरळ जातो आणि खाली उतरतो. असा पक्षी सगळ्यात जास्त वेळा "बरा" म्हणून सोडला जातो आणि सगळ्यात जास्त वेळा परत सापडतो.

इथे खांद्याच्या हाडांचा संशय घ्या. पक्ष्याच्या छातीच्या हाडाला खांद्याशी जोडणारं एक जाड हाड असतं, त्याला कोराकॉइड म्हणतात. गाडीची, काचेची किंवा पंख्याची समोरून धडक बसली की ते तडकतं. बाहेरून जखम नसते. पंख अर्धा इंच खाली लोंबतो एवढंच, तोही दुसऱ्या पंखाशी ताडून पाहिलं तर कळतं. पक्षी जमिनीवर छान पळतो, दांडीवर बसतो, खातो. फक्त पंख खांद्याच्या वर जोरात उचलता येत नाही, म्हणून उंची गाठता येत नाही. हे हातानं चाचपून कळत नाही, एक्स-रे लागतो. दिलासा असा की बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागत नाही. छोट्या जागेत, फडफड करता येणार नाही अशा पिंजऱ्यात तीन-चार आठवडे पूर्ण विश्रांती दिली की हाड जुळतं. पण आपण दर दोन दिवसांनी "आज उडतो का" म्हणून उडवून पाहत राहिलो तर ते कधीच जुळत नाही. वारंवार चाचणी घेणं हेच इथं नुकसानीचं कारण होतं.

पंखाचं लांब हाड मोडलं असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे न्या. पक्ष्यांची हाडं फार लवकर जुळतात, दोन-चार आठवड्यांत, आणि वाकडी राहिली तर वाकडीच जुळतात. मोडका पंख घरी चिकटपट्टीनं गुंडाळून दोन-तीन आठवडे ठेवलेले पक्षी पाहिले की फार वाईट वाटतं, कारण हाड जुळलेलं असतं पण सांधा आखडलेला असतो. पट्टी कितव्या दिवशी सोडायची, सांध्याला हलका व्यायाम कधी द्यायचा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पंख अंगाला लावून सुती कापडात सैलसर गुंडाळा, एवढं पुरे. छातीवर घट्ट आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासाचा पडद्यासारखा स्नायू नसतो, छाती हलली नाही तर श्वासच थांबतो.

मांजानं कापलेल्या पंखात हाड शाबूत असतं, पण खांदा आणि मनगट यांच्यामधला पातळ कातडी पडदा फाटतो. हा पडदा वाळला की मरतो, आणि तो आखडला की पंख पूर्ण पसरत नाही. सलाईननं ओलं केलेलं गॉज त्यावर ठेवा आणि तसंच घेऊन जा. गुंडाळलेला मांजा ओढायचा नाही; दोन्ही बाजूंनी कापायचा आणि मांसात रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी ठेवायचा. राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉन मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेऊन या प्रश्नावर सुनावण्या घेतल्या, तरी दर जानेवारीत शहरातल्या झाडांवर तो लटकलेला दिसतोच. माझा यावरचा राग कमी होत नाही. आपल्या गच्चीवर कोण काय उडवतंय हे आपल्याला माहीत असतं. तिथं बोलायलाच हवं.

पिसं आणि पोट

हाडं ठीक असतील तर पंखाची लांब पिसं मोजा. टोकं तुटलेली, करवतल्यासारखी झिजलेली, किंवा कुणी कात्रीनं छाटलेली असतील तर पक्षी कितीही तगडा असो, उडणार नाही. तुटलेलं पीस वाढत नाही. ते झडून नवीन यावं लागतं, आणि त्याला पुढच्या पीसझडीपर्यंत काही महिने लागू शकतात. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या कावळ्यांची शेपूट आणि पंख जाळीला घासून असे होतात. म्हणजे उपचाराच्या काळात आपणच त्याला उडण्याजोगा ठेवलेला नसतो. जाळीच्या आतून कापड किंवा पुठ्ठा लावा. दांडी अशा उंचीवर ठेवा की शेपूट तळाला टेकणार नाही.

मग छाती चाचपा. छातीचं मधलं उभं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागत असेल तर पक्ष्याच्या उडण्याच्या स्नायूंवर मांसच नाही. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करा. आपला साधा कावळा साधारण २५० ते ३५० ग्रॅमचा असतो. वजन रोज लिहून ठेवा. वाढत नसेल तर सोडण्याचा विषय काढू नका.

दूध-पोळी, दूध-ब्रेड बंद. पक्ष्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि आधीच सुकलेला पक्षी आणखी सुकतो. कावळ्याला उकडलेलं अंडं, भिजवून मऊ केलेलं कुत्र्या-मांजराचं चांगलं खाद्य, थोडा खिमा, पपई, भिजवलेले दाणे चालतात. पिल्लांना नुसता भात किंवा नुसतं चिकन भरवत राहिलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं मऊ राहतात. असं पिल्लू वरून गुबगुबीत दिसतं, पण पाय धनुष्यासारखे वाकतात, चोच दाबली की लवचिक लागते आणि पहिल्याच जोरदार फडफडीत पंखाचं हाड मोडतं. सोडल्याबरोबर पडलेल्या, हातावर वाढवलेल्या पिल्लात हे कारण फार आढळतं. अंड्याचं कवच बारीक पूड करून खाण्यात द्या, सकाळचं कोवळं ऊन मिळू द्या आणि वाकलेले पाय दिसले तर डॉक्टरांना दाखवा. औषधी कॅल्शियमची मात्रा घरी ठरवू नका.

पाणी चोचीत ओतू नका. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते. ड्रॉपरनं टाकलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. उथळ वाटी समोर ठेवा. उन्हानं पडलेल्या घारीला किंवा कावळ्याला, म्हणजे चोच उघडी, पंख सैल सोडलेले, धापा टाकणारा पक्षी असेल त्याला, सावलीत आणा, पायांवर आणि पंखांखाली थोडं साधं पाणी शिंपडा, बर्फाचं नाही. शुद्धीवर आला की तो वाटीतून स्वतः पितो. पण तो बरा दिसला म्हणून दुपारी दोनला सोडू नका. दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्याआधी सोडा.

दोन दिवसांनी उघड होणाऱ्या जखमा

काही जखमा पहिल्या दिवशी दिसतच नाहीत. विजेच्या तारेवर शॉक लागलेला पक्षी थोड्या वेळात उठून बसतो, खातो, आपण त्याला सोडतो. दोन-चार दिवसांनी त्याची बोटं काळी पडतात, वाळतात, पंखाचा एखादा भाग निर्जीव होतो. ट्रान्सफॉर्मरखाली सापडलेला पक्षी म्हणून कितीही टवटवीत दिसला तरी आठवडाभर थांबवून रोज पाय आणि पंखांची टोकं बघावीत.

मांजरानं तोंडात धरलेल्या पक्ष्याचंही तसंच. दाताचं भोक सुईएवढं असतं, पिसांत लपतं. मांजराच्या लाळेतले जिवाणू पक्ष्याला एक-दोन दिवसांत संपवतात. म्हणून मांजरानं पकडलेला पक्षी जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी अँटिबायोटिकसाठी डॉक्टरांकडे.

तिसरं, विष. मेलेला उंदीर खाल्लेला कावळा सुस्त होतो, तोंड आतून पांढुरकं पडतं, साध्या ओरखड्यातून रक्त थांबत नाही; उंदीर मारायच्या ब्रोमाडायोलोनसारख्या औषधांनी रक्त गोठणं बंद पडतं. त्याला व्हिटॅमिन के लागतं आणि तेही डॉक्टरांच्या हातून. विश्रांतीनं उठून बसलेला असा पक्षी सोडला तर परत पडतोच. आणि तुमच्या सोसायटीत अजून तेच औषध ठेवलं जात असेल तर दुसरा, तिसराही पडेल.

घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कोणत्याही पक्ष्याला देऊ नका. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोपर्यंत बहुतेक गिधाडं गेली होती.

आजार असेल तर

पायांवर, चोचीभोवती, डोळ्यापाशी चामखिळीसारख्या गाठी असतील तर तो पॉक्स. विषाणूचा आजार आहे, डासांमुळे पसरतो, एकाच भांड्यात पाणी पिणाऱ्या पक्ष्यांतही पसरतो. बहुतेक कावळे काही आठवड्यांत यातून बाहेर येतात, पण बोटं सुजलेली असताना सोडलेला कावळा फांदी धरू शकत नाही, म्हणून तो खाली दिसतो. खपल्या गळेपर्यंत वेगळा ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेली पाण्याची मातीची भांडी रोज घासा, नुसतं पाणी वर ओतत राहू नका.

मान वाकडी, गोल गोल फिरणं, तोल जाणं ही मेंदूपर्यंत पोहोचलेल्या आजाराची किंवा डोक्याला मार लागल्याची लक्षणं. हा पक्षी सोडायचा नाही आणि दुसऱ्या पक्ष्यांजवळही ठेवायचा नाही.

एकाच ठिकाणी एकापेक्षा जास्त कावळे मेलेले किंवा मरायला टेकलेले दिसले तर वाचवायला धावू नका. मला माहीत आहे, हे ऐकायला कठीण जातं. पण डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले आणि जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे याच विषाणूनं मेले. हात न लावता पशुसंवर्धन विभागाला आणि वनविभागाला कळवा, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा. एरवीही हातमोजे, मास्क आणि नंतर साबणानं हात धुणं सोडू नका.

जागा, वेळ आणि माणसाची सवय

शरीरानं पूर्ण बरा झालेला कावळाही परत खाली येतो तो जागा चुकली म्हणून. कावळे कुटुंबानं आणि टोळीनं राहतात. अनोळखी टोळीत सोडलेल्या कावळ्याला तिथले कावळे टोचून टोचून जमिनीवर आणतात. अंबाझरीचं उद्यान किंवा सेमिनरी हिल्स हिरवंगार आहे म्हणून महाल भागातला कावळा तिथे नेऊन सोडणं त्याच्यावर अन्याय आहे. सापडला तिथेच, शक्य तर त्याच गल्लीत, सकाळी. आधी खोका झाडाजवळ ठेवून थोडा वेळ थांबा. त्याच्या हाकेला वरून उत्तर आलं की काम निम्मं झालं. संक्रांतीच्या आसपास पतंगांचा जोर असताना कुठलाच पक्षी सोडू नका, थोडे दिवस जास्त ठेवा.

सोडण्याआधी मोठ्या खोलीत तपासा. काचांवर पडदे ओढा. पक्षी फरशीवरून फर्निचरची मदत न घेता थेट तुमच्या डोक्यापेक्षा उंच दांडीवर गेला पाहिजे, वळला पाहिजे, दांडीवर नीट उतरला पाहिजे, आणि हे पाच-सहा वेळा लागोपाठ करूनही धापा टाकता कामा नयेत. आणि हो, तो तुम्हाला घाबरला पाहिजे. तुमच्या खांद्यावर येऊन बसणारा कावळा पाहून बरं वाटतं, पण तो बाहेर कुणाच्याही खांद्यावर बसेल. आपल्याकडे कावळा शिवणं अशुभ मानणारी माणसं अजून खूप आहेत. अशा कावळ्याच्या वाट्याला काठी येते. पितृपक्षात ज्याची वाट पाहत पान वाढून ठेवतो त्यालाच एरवी हाकलतो, हे मला फार लागतं. पिल्लू हातावर वाढवावंच लागलं तर त्याच्याशी बोलू नका, कुरवाळू नका, जमल्यास दुसऱ्या कावळ्याच्या पिल्लाबरोबर ठेवा, आणि शेवटचे काही आठवडे बाहेरच्या कावळ्यांचे आवाज ऐकू येतील अशा जाळीत. दार उघडल्यावरही तिथेच काही दिवस खाणं ठेवत राहा, म्हणजे तो हळूहळू लांब जाईल.

कावळ्याव्यतिरिक्त

पाकोळी जमिनीवरून स्वतः सहसा उठू शकत नाही, तिचे पाय फार छोटे असतात. जखम नसेल तर मऊ गवतावर उभं राहून उघड्या तळहातावर उंच धरा. तिला निघावंसं वाटलं तर ती निघेल. हवेत फेकू नका. पिंगळा आणि गव्हाणी घुबड संध्याकाळी, अंधार पडताना सोडायचे, दिवसा सोडलेत तर कावळेच त्यांना खाली आणतील. घार, शिक्रा, घुबड पुन्हा पडत असतील तर तोंडात पाहा, पिवळसर चिकट थर दिसला तर तो आजार बहुधा पारवा खाल्ल्यानं आलेला असतो. म्हणून शिकारी पक्ष्यांना पारव्याचं मांस देऊ नका. बगळा किंवा वंचक उचलताना आधी मान धरा, तो डोळ्यावर नेम धरतो.

जो परत जाऊच शकत नाही

काही पक्षी कधीच उडणार नाहीत. एक पंख गेलेला, एका डोळ्यानं आंधळा शिक्रा, माणसाळलेला कावळा. त्यांच्यासाठी घर शोधायचं म्हणजे शेजारच्या काकूंच्या बाल्कनीतला पिंजरा शोधायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे पक्षी सरकारची मालमत्ता आहेत आणि ताब्यात आलेल्या प्राण्याची माहिती ४८ तासांत द्यावी लागते. कावळा आधी कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, उपद्रवी म्हणून होता. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच गेली, म्हणजे "कावळाच तर आहे" ही सबब आता उरलेली नाही. पोपट घरी ठेवणंही बेकायदाच. असे पक्षी वनविभागाकडेच द्यायचे. बजरीगर, कॉकाटीलसारखे उडून आलेले परदेशी पाळीव पक्षी मात्र वेगळे. त्यांना बाहेर सोडलं तर ते मरतील, त्यांना चांगलं घर शोधून द्या.

वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, त्याच टेकडीवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, काटोल रोडवर गोरेवाडा. तुमच्या भागातल्या सर्पमित्राला किंवा पक्षीमित्रालाही कुठे न्यायचं ते बहुधा ठाऊक असतं.

पुन्हा सापडलेला पक्षी नेताना खोक्यावर कागद चिकटवा. पहिल्यांदा कुठे, कधी सापडला. काय खाऊ घातलं. कुणी कोणतं औषध दिलं. कधी, कुठून सोडला. किती अंतर उडाला आणि कसा उतरला. डॉक्टरांना "उडत नाही" यापेक्षा "सरळ गेला, वर चढला नाही, डावीकडे कलला" हे फार उपयोगाचं ठरतं. पहिल्या वेळचे फोटो असतील तर तेही दाखवा. आणि पक्षी देतानाच विचारून ठेवा की बरा झाल्यावर त्याला तुमच्याच मोहल्ल्यात सोडता येईल का. कावळ्यासाठी ही विनंती आवर्जून करा, त्याचे नातलग तिथेच असतात.